थॉमस टेलफर्ड : जुन्या पुलांची नाडी ओळखणारा पाथरवट



दरवर्षी 15 सप्टेंबरला आपण शाळेत अभियंता दिन साजरा करतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जयंती. परिपाठात त्यांची माहिती सांगितली जाते, पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांचा उल्लेख होतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. हे व्हायलाच हवं. पण त्याच्या जोडीला आणखी एका अभियंत्याची गोष्ट मुलांना सांगावी असं मला वाटतं. हा अभियंता आपल्या देशातला नाही. तो स्कॉटलंडचा, आणि त्याला जाऊन आता जवळपास दोनशे वर्षं होत आली. पण त्याची गोष्ट आपल्या फार जवळची आहे.

का जवळची आहे, ते आधी सांगते. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्री नदीला पूर आला होता आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल त्या पुरात वाहून गेला. अंधारात एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी काही वाहनं नदीत गेली. कितीतरी घरं एका रात्रीत पोरकी झाली. शेजारचा नवा पूल मात्र उभा राहिला. पुढे जुन्या पुलाच्या जागी 165 दिवसांत नवा पूल बांधून झाला आणि जून 2017 मध्ये तो सुरूही झाला.

आपल्याकडे एक म्हण आहे, जुनं ते सोनं. भांड्यांच्या, दागिन्यांच्या आणि माणसांच्या बाबतीत ती खरी असेलही. पुलाच्या बाबतीत मात्र ती तपासूनच घ्यावी लागते. पूल जुना झाला हे कसं ओळखायचं? वरून ठणठणीत दिसणारा पूल खालून पोकळ झालाय हे कुणाला कळतं? आणि ज्याला कळतं, त्याचं कुणी ऐकतं का? या तिन्ही प्रश्नांशी ज्याचं सगळं आयुष्य जोडलेलं होतं, त्याचं नाव थॉमस टेलफर्ड.

मेंढपाळाचा मुलगा

थॉमसचा जन्म 9 ऑगस्ट 1757 रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, एस्कडेल नावाच्या डोंगराळ खोऱ्यात झाला. ग्लेनडिनिंग हे त्या वस्तीचं नाव. वडील मेंढपाळ. थॉमस काही महिन्यांचा होता तेव्हाच ते वारले. मग आई जॅनेट आणि हे तान्हं मूल, दोघंच उरली. राहायला एका खोलीचं घर, तेही दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं. आई शेजारच्या शेतांवर काम करायची. थॉमस जरा मोठा झाला की तोही इतरांची गुरं-मेंढरं राखायला जाऊ लागला.

आता तुम्हाला वाटेल, असा मुलगा म्हणजे बिचारा, गप्प-गप्प राहणारा. तसं मुळीच नव्हतं. गावात त्याला हसरा टॅम म्हणायचे. एका नातेवाइकाच्या मदतीने तो गावच्या शाळेत गेला आणि लिहा-वाचायला शिकला. त्या शाळेत जे मिळालं तेवढंच त्याचं औपचारिक शिक्षण. पुढे जे काही शिकला ते हाताने काम करता करता आणि रात्री पुस्तकं वाचून.

चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याला एका पाथरवटाकडे कामाला ठेवलं. तो मालक फार वाईट वागवायचा. थॉमस काही महिन्यांत तिथून पळून घरी आला. मग लँगहोम गावातल्या अँड्र्यू थॉमसन या गवंड्याच्या हाताखाली त्याला पुन्हा शिकायला ठेवलं. इथे तो रमला. दगड घडवायचा कसा, तो कमानीत बसवायचा कसा, चुना किती घालायचा, हे सगळं तो इथे शिकला. गावातल्या एका वयस्कर बाईंकडे पुस्तकं होती. त्या त्याला वाचायला देत. दिवसभर छिन्नी-हातोडा आणि संध्याकाळी पुस्तक, असा त्याचा दिनक्रम.

पुलाला पाठ लावणारी टिबी

लँगहोममध्ये एस्क नदीवर पूल बांधायचं काम थॉमसच्या मालकाकडे होतं आणि थॉमस त्यावर राबला. पूल झाला. पण करारात एक अट होती. सात वर्षं पुलाला काही झालं तर दुरुस्तीची जबाबदारी बांधणाऱ्याची. (आपल्याकडे रस्त्याच्या कामाच्या पाटीवर दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो ना, तशीच ही अट.)

या पुलाची एक गोष्ट सांगतात. काम संपून फार दिवस झाले नव्हते आणि नदीला मोठा पूर आला. नेमका मालक गावाला गेलेला. त्याची बायको टिबी घाबरून गेली. पूल गेला तर आपण देशोधडीला लागणार, या भीतीने ती रडत सगळ्यांकडे धावू लागली. शेवटी तिने थॉमसला शोधायला माणूस पाठवला. पूल हलतोय असं लोक म्हणतात, हे तिने त्याला सांगितलं. थॉमसने तिची समजूत काढली की थोडासा हलतोय म्हणजे सांधे नीट बसलेत, घाबरू नकोस. तिला काही पटलं नाही. ती धावत पुलावर गेली आणि पूल पडू नये म्हणून चक्क कठड्याला पाठ लावून उभी राहिली! थॉमस पोट धरून हसला म्हणतात. पूल मात्र टिकला, आणि पुढेही वर्षानुवर्षं टिकून राहिला.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण हसून झालं की त्यांना एक प्रश्न जरूर विचारा. टिबी घाबरली आणि थॉमस का घाबरला नाही? उत्तर सोपं आहे. त्या पुलाच्या आत काय आहे हे थॉमसला ठाऊक होतं. दगड त्याच्या हातचे होते. पुलाबद्दलची भीती असो की विश्वास, दोन्ही माहितीवर उभे असले तरच कामाचे. हे लक्षात ठेवा, कारण थोड्याच वर्षांनी अगदी उलटा प्रसंग घडणार आहे. तिथे लोक निर्धास्त असतील आणि टेलफर्ड एकटे धोक्याचा इशारा देतील.

चर्चच्या भिंतीतली भेग

1780 मध्ये टेलफर्ड एडिंबरोला गेले आणि 1782 मध्ये लंडनला. तिथे सॉमरसेट हाऊस या मोठ्या इमारतीवर त्यांनी गवंडी म्हणून काम केलं. नंतर पोर्ट्समथच्या गोदीत बांधकामावर देखरेख केली. विल्यम पुल्टनी नावाच्या खासदारांनी त्यांचं काम पाहिलं होतं. त्यांनी टेलफर्डना श्रूजबरी या गावी बोलावून घेतलं. तिथे 1787 च्या सुमारास टेलफर्ड श्रॉपशर परगण्याच्या सार्वजनिक बांधकामांचे सर्वेक्षक झाले. म्हणजे आपल्याकडचे बांधकाम खात्याचे अभियंता म्हणा ना. वय तिशीचं. कॉलेजची पदवी नाही. हातात होता तो फक्त दगडाचा अनुभव.

श्रूजबरीत सेंट चॅड नावाचं शेकडो वर्षांचं जुनं चर्च होतं. त्याचं छप्पर गळत होतं. ते जरा बघून जा, एवढंच टेलफर्डना सांगण्यात आलं. त्यांनी छप्पर पाहिलंच, पण त्यांची नजर भिंतींकडे गेली. भिंतींना मोठमोठ्या भेगा होत्या. त्यांनी पायाकडे पाहिलं. मनोऱ्याच्या खांबाला अगदी लागून कबरी खणलेल्या होत्या आणि त्यामुळे पाया कमकुवत झाला होता. त्यांनी चर्चच्या विश्वस्तांना स्पष्ट सांगितलं की छपराचं नंतर बघू, आधी हा मनोरा उतरवा, नाहीतर तो पडेल.

लोकांनी काय केलं असेल? ते हसले. या भेगा तर पिढ्यानपिढ्या आहेत, असं म्हणाले. हा अभियंता स्वतःसाठी काम काढू पाहतोय, असा टोमणाही कुणीतरी मारला. टेलफर्ड बैठकीतून उठले आणि जाता जाता त्यांनी सुचवलं की छप्पर सोडून बाकीची चर्चा करायची असेल तर बाहेर जाऊन करा, इथे डोक्यावर काहीही पडू शकतं.

त्यानंतर काही दिवसांतच, 9 जुलै 1788 रोजी पहाटे मनोरा कोसळला आणि चर्चचा मोठा भाग घेऊन खाली आला. एका रात्रीत टेलफर्डचं नाव गावभर झालं.

शिक्षक मित्रहो, या प्रसंगात एक फार मोठी गोष्ट दडली आहे. भेगा सगळ्यांना दिसत होत्या. टेलफर्डना काही जादूची नजर नव्हती. फरक एवढाच, की रोज पाहून पाहून लोकांचे डोळे भेगांना सरावले होते. इतकी वर्षं पडलं नाही म्हणजे पुढेही पडणार नाही, हा हिशोब आपण सगळेच करतो. घराच्या भिंतीबाबत, शाळेच्या स्लॅबबाबत आणि पुलाबाबतही.

1795 चा पूर

श्रॉपशरमधून सेव्हर्न नदी वाहते. या नदीवरचे पूल हीच टेलफर्डची मुख्य जबाबदारी होती. 1790 ते 1792 या काळात त्यांनी माँटफर्ड इथे जुन्या पुलाच्या जागी लाल दगडाचा तीन कमानींचा नवा पूल बांधला. त्या कामावर तुरुंगातल्या कैद्यांनाही लावलं होतं. हा पूल पुढे रुंद केला गेला, पण आजही तो वापरात आहे.

मग आला फेब्रुवारी 1795. थंडीतला बर्फ वितळला आणि सेव्हर्नला महापूर आला. नदीवरच्या जुन्या पुलांची दाणादाण उडाली. बिल्डवॉसचा मध्ययुगीन दगडी पूल वाहून गेला. ब्यूडली गावचा पूल गेला. इतर पुलांचंही नुकसान झालं. एक पूल मात्र या पुरात जसाच्या तसा उभा होता. तो म्हणजे 1779 मध्ये उभारलेला ओतीव लोखंडाचा प्रसिद्ध आयर्न ब्रिज.

तोच का टिकला? इथे जरा थांबू, कारण हा भाग पाचवी ते आठवीच्या मुलांना विज्ञान म्हणूनही शिकवता येतो.

जुन्या दगडी पुलांना बऱ्याच कमानी असायच्या. कमानी लहान, म्हणून खांब जास्त. खांब जाडजूड. म्हणजे नदीच्या पात्रातली बरीचशी जागा खांबांनीच अडवलेली. उन्हाळ्यात याने काही बिघडत नाही. पूर आला की पाण्याला जायला वाट पुरत नाही. पाणी पुलाच्या मागे तुंबतं, त्याची पातळी वाढते आणि अरुंद कमानींतून ते जोरात सुटतं. वेग वाढला की ते तळाची माती, वाळू, गोटे खरवडून नेतं. खांबाच्या बुडाशी खड्डा पडतो. पाण्यावर आलेली झाडं, ओंडके, बर्फाचे तुकडे कमानीत अडकून वाट आणखी बंद करतात. शेवटी खांबाखालची जमीनच निघून जाते आणि मग वरचा दगड कितीही मजबूत असो, त्याचा काय उपयोग! वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. रस्ता नीट असतो, कठडा नीट असतो. रोग पाण्याखाली असतो.

आयर्न ब्रिजला नदीत एकही खांब नव्हता. सुमारे शंभर फुटांची एकच कमान या काठावरून त्या काठावर गेलेली. पाणी खालून निघून गेलं.

टेलफर्डनी हा धडा लगेच उचलला. बिल्डवॉसला जुन्या पुलाच्या जागी पुन्हा तसाच पूल बांधायचा मोह त्यांनी टाळला. त्यांनी ओतीव लोखंडाची 130 फुटांची एकच कमान टाकली. ती 1796 मध्ये पूर्ण झाली. आणखी एक गंमत बघा. हा पूल आयर्न ब्रिजपेक्षा तीस फूट लांब, पण लोखंड लागलं 173 टन. आयर्न ब्रिजला लागलं होतं 378 टन. म्हणजे लांबी जास्त आणि लोखंड निम्म्याहून कमी! आधीच्या माणसाचं काम नीट पाहिलं, त्यात काय जास्तीचं आहे ते ओळखलं, की हे साधतं.

ब्यूडलीला मात्र त्यांनी लोखंड वापरलं नाही. तिथे 1798 मध्ये त्यांनी दगडाचाच, पण मोठ्या तीन कमानींचा देखणा पूल बांधला. तो आजही उभा आहे. जागा बघून उपाय ठरवायचा, ही त्यांची रीत.

लंडनचा जुना पूल

आता श्रॉपशर सोडून जरा लंडनला जाऊ. थेम्स नदीवरचा जुना लंडन ब्रिज 1209 मध्ये पूर्ण झालेला. म्हणजे 1800 साली त्याचं वय जवळपास सहाशे वर्षं. त्यालाही तोच आजार. पात्रात गर्दी करून उभे असलेले जाड खांब आणि मधल्या चिंचोळ्या वाटा. त्या वाटांतून पाणी धबधब्यासारखं पडायचं आणि होड्या उलटून माणसं बुडायची.

हा पूल बदलायचा का, आणि कसा, यावर संसदेच्या समितीने विचार सुरू केला. टेलफर्ड आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने योजना मांडली. 600 फुटांची एकच लोखंडी कमान! तेव्हा जगात कुणी असं काही पाहिलं नव्हतं. समितीने गणितज्ञांना, शास्त्रज्ञांना, अभियंत्यांना प्रश्न पाठवून मतं मागवली. मतं आली ती एकमेकांशी न जुळणारी. शिवाय इतकी उंच कमान म्हणजे दोन्ही काठांवर लांबच लांब चढ बांधावे लागणार आणि त्यासाठी महागडी जागा घ्यावी लागणार. योजना बारगळली.

पुढे जॉन रेनी या दुसऱ्या मोठ्या अभियंत्याच्या आराखड्यानुसार पाच कमानींचा दगडी पूल झाला आणि 1831 मध्ये तो खुला झाला. हा पूल जुन्याच्या शेजारी बांधला. नवा होईपर्यंत जुन्यावरून रहदारी चालू ठेवली आणि मगच जुना पाडला. आजही आपल्याकडे जुन्या पुलाला लागून नवा बांधतात तेव्हा हाच विचार असतो. कारण पूल बदलायचा म्हणजे नुसतं बांधकाम नसतं. रोज त्यावरून शाळेत जाणारी मुलं, बाजाराला जाणारी माणसं, दवाखान्यात जाणारे आजारी, या सगळ्यांची मधल्या काळात सोय बघावी लागते.

होडीच्या जागी पूल

टेलफर्डचं काम एवढ्यावर थांबलं नाही. वेल्समध्ये डी नदीच्या खोऱ्यावरून त्यांनी विल्यम जेसप यांच्यासोबत कालवा नेला. पाँटकसल्ते हा तो जलसेतू, 1805 मध्ये पूर्ण झाला. जमिनीपासून सुमारे 38 मीटर उंच आणि 307 मीटर लांब. लोखंडी पन्हळीतून आजही तिथे बोटी जातात. 2009 पासून तो जागतिक वारसा आहे.

मग सरकारने त्यांना स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात पाठवलं. तिथे रस्ते नव्हतेच म्हटलं तरी चालेल. पुढच्या अठरा-एकोणीस वर्षांत त्यांच्या देखरेखीखाली 900 मैलांहून जास्त रस्ते आणि लहान-मोठे हजारावर पूल झाले. आपल्याकडे पावसाळ्यात साकव वाहून गेला की पलीकडच्या वाडीचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या कामाचं मोल सांगायला नको.

1809 च्या ऑगस्टमध्ये तिकडच्या डॉरनॉक खाडीत मोठा अपघात झाला. जत्रेला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि 99 जण बुडाले. त्यानंतर त्या खाडीच्या वरच्या अंगाला, बोनार इथे टेलफर्डनी 1812 मध्ये पूल बांधला. त्यात 150 फुटांची लोखंडी कमान होती. होडीची भीती संपली.

मेनाईची साखळी

टेलफर्डचं सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे मेनाईचा झुलता पूल. वेल्सची मुख्य भूमी आणि अँगलसी बेट यांच्यामध्ये मेनाई नावाची समुद्राची पट्टी आहे. प्रवाह जोराचा. माणसं होडीने जायची आणि विकायला नेलेली गुरं पोहत पार करावी लागायची. खालून शिडाची जहाजं जाणार, म्हणून पूल पाण्यापासून शंभर फूट उंच हवा अशी अट होती.

काम 1819 मध्ये सुरू झालं. दोन दगडी मनोरे आणि त्यांच्यामध्ये लोखंडी साखळ्यांवर टांगलेला रस्ता. दोन मनोऱ्यांमधलं अंतर 579 फूट, म्हणजे सुमारे 176 मीटर. साखळ्या एकूण सोळा. साखळीतला प्रत्येक लोखंडी तुकडा आधी यंत्रावर ताणून तपासला जायचा, तोही प्रत्यक्षात येणाऱ्या भारापेक्षा कितीतरी जास्त भार देऊन. मग गंजू नये म्हणून तो जवसाच्या तेलात बुडवायचा. एकही तुकडा न तपासता वर गेला नाही.

26 एप्रिल 1825 रोजी पहिली साखळी वर चढवली. किनाऱ्यावर लोकांची गर्दी. दीडशे कामगार चरखी फिरवत होते. आधीचे कितीतरी दिवस टेलफर्डना काळजीने नीट झोप नव्हती. साखळी जागेवर बसल्यावर मित्र अभिनंदन करायला गेले, तेव्हा ते गुडघे टेकून प्रार्थना करत होते असं सांगतात. लँगहोमच्या पुलावर पोट धरून हसणारा तो पोरगा आणि हा काळजीने झोप हरवलेला सदुसष्ट वर्षांचा माणूस, दोघं एकच. ज्याला जास्त कळतं, त्याच्यावर ओझंही जास्त असतं.

30 जानेवारी 1826 रोजी पूल खुला झाला.

त्यांचेही पूल बदलावे लागले

इथे गोष्ट संपवली तर मुलांना वाटेल, टेलफर्डचे पूल अमर झाले. तसं नाही, आणि हे मुलांना जरूर सांगा.

बिल्डवॉसचा तो हलका, हुशारीने बांधलेला पूल 1905-06 मध्ये काढून नवा बांधावा लागला. तोही 1992 मध्ये पुन्हा बदलला. बोनारचा पूल तर जानेवारी 1892 मध्ये पुरात वाहून गेला. ज्या माणसाने पुराचा इतका अभ्यास केला, त्याचा पूलही नदीने नेला! मेनाईच्या पुलाचा रस्ता 1839 च्या वादळात मोडला, 1893 मध्ये लाकडाऐवजी पोलादाचा केला आणि 1938 ते 1941 या काळात साखळ्यासुद्धा नव्या बसवल्या. मनोरे तेवढे टेलफर्डच्या वेळचे. ऑक्टोबर 2022 मध्ये तपासणीत टांगणीच्या भागांविषयी शंका आली, तेव्हा तो पूल तातडीने वाहतुकीला बंद केला आणि डागडुजी करून फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा उघडला. लोकांची गैरसोय झाली, पण कुणाचा जीव गेला नाही.

म्हणून कोणताही पूल कायमचा नसतो. गाड्यांचं वजन वाढतं, नदी पात्र बदलते, लोखंड गंजतं, चुना झिजतो. बांधणारा कितीही मोठा असला तरी त्याच्या पुलाला तपासणी चुकत नाही. पूल म्हातारा झाला म्हणून बदलला तर त्यात बांधणाऱ्याचा अपमान नाही. उलट वेळेवर बदलणं म्हणजेच त्याच्या कामाची बूज राखणं.

अखेरचे दिवस

टेलफर्डनी लग्न केलं नाही. लंडनमध्ये कितीतरी वर्षं ते एका कॉफीगृहातच मुक्कामाला असत. तरुण अभियंते त्यांच्याकडे शिकायला येत. 1820 मध्ये अभियंत्यांच्या संस्थेने, इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने, त्यांना पहिलं अध्यक्ष केलं आणि अखेरपर्यंत ते त्या पदावर राहिले. आईला पत्र लिहिताना ते छापील अक्षरांसारखी सुटी अक्षरं काढत, म्हणजे तिला स्वतःला वाचता यावं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या पहिलीतल्या मुलांच्या वह्या आठवल्या.

2 सप्टेंबर 1834 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. मेंढपाळाच्या मुलाला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये चिरविश्रांती मिळाली. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या गावाकडच्या दोन ग्रंथालयांसाठी पैसे ठेवले होते. ज्या भागात कुणीतरी त्यांना पुस्तक वाचायला दिलं होतं, तिथे पुढच्या मुलांसाठी पुस्तकं यावीत म्हणून.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. एका ट्रेमध्ये ओली वाळू पसरा. मधे दगडांचे चार-पाच जाड खांब जवळजवळ उभे करा आणि वरून मगने पाणी सोडा. मग खांब काढून फक्त दोन्ही कडांना दगड ठेवा आणि पुन्हा पाणी सोडा. खांबाच्या बुडाशी वाळूला काय झालं, ते मुलांना बघू द्या. 1795 चा पूर त्यांना आपोआप समजेल.

2. कागदाच्या एकाच पट्टीचा सपाट पूल आणि कमानीचा पूल करून त्यावर नाणी ठेवायला सांगा. कोणता जास्त भार घेतो?

3. गावातल्या पुलाची माहिती काढायला सांगा. तो कधी बांधला, त्याच्या आधी काय होतं, आजी-आजोबा नदी कशी ओलांडत. मात्र मुलांना पुलाखाली किंवा पाण्याजवळ एकटं पाठवू नका. मोठं माणूस सोबत हवंच. पावसाळ्यात तर हा उपक्रम नकोच.

4. पालकहो, पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, हे मुलांसमोर स्वतः करून दाखवा. थोडंच तर पाणी आहे म्हणून गाडी घालणारा बाप पाहिलेलं मूल उद्या तेच करतं.

5. पुलाच्या कठड्याला भेग, खांबाजवळ खड्डा, वर आलेली सळई असं काही दिसलं तर ग्रामसभेत विषय मांडा. ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. मुलांकडून पत्रलेखनाचा सरावही यातून होतो. विषय खरा असला की पत्र आपोआप चांगलं उतरतं.

आणि एक शेवटचं. उद्या वर्गातलं एखादं पोर येऊन म्हणालं, बाई, ती भिंत बघा ना, तिला भेग पडलीय, तर त्याला गप्प बसवू नका. ती भेग जुनीच आहे असंही सांगू नका. उठा आणि त्याच्याबरोबर जाऊन बघा.